मूल दाखवायचं नसतं

अक्का पैसे मागत आणि मग गप्प बसत. ते गप्प बसणं ज्यानं पाहिलं नाही, त्याला सांगून कळायचं नाही. समोर मोठ्या कंपनीचा साहेब असो की जयनगरच्या साडीच्या दुकानाचा मालक, अक्का चार वाक्यांत काम सांगत, रक्कम सांगत, हात मांडीवर ठेवत आणि थांबत. पंखा फिरत राही. समोरचा खाकरे, पेनचं टोपण उघडझाप करी, कॉफी सांगू का म्हणून विचारी. अक्का त्याच्याकडे नुसत्या बघत. रागानं नाही, लाचारीनं तर नाहीच. बसची वाट बघावी तशा. शेवटी त्याला सहन होत नसे आणि तो काहीतरी बोलून बसे. बहुतेक वेळा ‘बरं’ म्हणूनच बसे.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मलाच ती शांतता सोसवली नाही. मी मध्येच म्हणाले, ‘‘सर, थोडं कमी दिलं तरी चालेल.’’ त्या माणसाचा चेहरा उजळला. बाहेर रिक्षात बसल्यावर अक्का म्हणाल्या, ‘‘निपाणी, आत्ता तू आपल्या पोरींचा अर्धा तांदूळ सांडलास.’’

निपाणी म्हणजे मी. गावावरून त्यांनी मला नाव पाडलं आणि ऑफिसात तेच रूढ झालं. माझी आई निपाणीत विड्या वळायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते. नोकरी शोधत बेंगळुरूला आले आणि एका संस्थेत लागले. आमच्या संस्थेचे संस्थापक एक निवृत्त कर्नल. लष्करातून तरुणपणीच बाहेर पडलेल्या जवानांना काम मिळत नाही, म्हणून त्यांनी ती काढली. मग शाळा सुटलेल्या मुलांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. कर्नलसाहेब मूळचे कोडगूचे, लहानपणापासून कॉफीच्या मळ्यांत राबणारे आदिवासी बघितलेले. म्हणून जंगलाच्या कडेला, एच. डी. कोटेच्या पुढे, जेनु कुरुबांच्या मुलींसाठी एक वसतिगृहही झालं. पिढ्यान् पिढ्या मध काढून जगलेली ही माणसं जंगलाबाहेर आणून बसवलेली. त्यांच्या मुलींनी दहावी व्हावं, एवढंच त्या वसतिगृहाचं काम. या सगळ्यासाठी पैसे उभे करायचे ते अक्कांनी. मी त्यांच्या हाताखाली.

अक्कांचं घर बसवनगुडीत. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी ऐकताना मला वाटायचं, कुणीतरी माझ्याच भाषेला इथल्या पाण्यात शिजवलंय. ‘स्वल्प थांब’, ‘सरी, जाऊ दे’, ‘साकु आता’ असं सगळं त्यात; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, साकु म्हणजे पुरे. लग्न केलं नव्हतं. आधी कितीतरी वर्षं त्या विमा विकत होत्या. ‘‘तिकडं लोकांना मरणाची भीती दाखवून पैसे काढायचे,’’ त्या म्हणत, ‘‘इकडं काहीच दाखवायचं नाही. म्हणून अवघड.’’

मला मागायची लाज वाटे. आमच्या घरी हात पसरणं म्हणजे मरण. आई उपाशी झोपली असेल, पण शेजारी मीठ मागायला गेली नाही. हे मी एकदा अक्कांना जरा ताठ्यातच सांगितलं. त्या डबा खात होत्या. घास गिळून म्हणाल्या, ‘‘तुझ्या आईला नमस्कार सांग. पण आपण हात पसरत नाही, वसुली करतो. समोरच्याला अजून ते ठाऊक नसतं, एवढंच.’’ आणि माझ्या डब्यातली झुणक्याची वडी न विचारता उचलली.

त्या म्हणत, आपल्या संस्थेला तीन दारं आहेत. जवानांच्या दारावर ऑगस्टात आणि जानेवारीत रांग. युवकांच्या दारावर कंपन्या, कारण प्रशिक्षण दिलं की अमुक जणांना नोकरी लागली असं छापता येतं. ‘‘आणि आदिवासींच्या दारावर मी आणि एक कुत्रं.’’ वसतिगृहाला कुणी काही देतच नव्हतं असं नाही. भिंतीवर लावायचे स्मार्ट बोर्ड द्यायला लोक तयार असत. एका वर्षी दोन बोर्ड आले आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार थकला. कंपन्यांची माणसं बसमधून येत, भिंती रंगवत, फोटो काढून परत जात. दर वर्षी वेगळी कंपनी, वेगळं चित्र. आधी मोर, त्यावर हत्ती, हत्तीवर अंतराळवीर. कर्नलसाहेब म्हणायचे, ‘‘अक्का, भिंत जाड होत चाललीय, खोल्या लहान होतील.’’ तांदूळ, डाळ, वॉर्डनबाईंचा पगार, विजेचं बिल, यांना मात्र कुणी विचारत नसे. अक्का म्हणत, ‘‘तांदळाला फीत कापता येत नाही गं.’’

त्यांचा एकच नियम होता आणि त्यापायी त्यांनी सगळ्यांशी वैर घेतलं. देणाऱ्याला मूल दाखवायचं नाही. भिंत रंगवायला लोक आले की मुली शाळेत असायच्या, असा दिवस त्या मुद्दाम निवडत. पत्रकावर मुलीचा चेहरा नाही. पाहुण्यांना गुलाब देणं नाही, रांगेत उभं राहून गाणं नाही. दुसऱ्या संस्थांच्या पत्रकांवर मोठमोठे डोळे, विस्कटलेले केस. आमच्या पत्रकावर इमारत आणि तिच्यासमोरचं फणसाचं झाड. एका विश्वस्तांनी एकदा बैठकीत विचारलं, ‘‘एक फोटो टाकला तर काय बिघडतं, अक्का?’’

‘‘काही नाही. तुमच्या नातवाचा टाकते. गोरा आहे, छान येईल.’’

विश्वस्त हसले नाहीत. नंतर अक्का एकट्या असताना मी विचारलं की एवढं का ताणता. त्या म्हणाल्या, ‘‘चेहरा दाखवला की माणूस चेहऱ्याला देतो. मग बाकीच्या कुठं जायच्या?’’ एवढंच कारण. मला ते धंद्याचं कारण वाटलं, आणि पटलं.

मग परदेशातून येणारा पैसा थांबला. परदेशी देणग्या घेण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं, आणि ते सुटेपर्यंत तिकडच्या लोकांनी दुसरीकडं लक्ष वळवलं. वसतिगृहाचा रोजचा खर्च त्यावरच चालत होता. विश्वस्तांनी ठराव केला, की उन्हाळ्यापर्यंत सोय झाली नाही तर वसतिगृह बंद. एक जण म्हणाले, जवानांच्या नावावर भरपूर शिल्लक आहे, ती वळवू. अक्का उठून उभ्या राहिल्या. ‘‘जवानांसाठी म्हणून मी मागितलंय. ते त्यांचंच.’’ बाहेर व्हरांड्यात एक माजी नाईक बसले होते, पाय गेलेले, हातानं चालवायचं शिलाईचं मशीन मागायला आलेले. दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, ‘‘अक्का, माझं मशीन राहू दे. पोरींना द्या.’’ अक्कांनी त्यांना मशीन दिलंच, आणि त्या दिवशी डबा उघडला नाही.

ते महिने मी विसरायचा प्रयत्न करते. आम्ही रोज बाहेर. काचेच्या इमारतींत अक्कांच्या निम्म्या वयाची पोरं आम्हाला पाणी देत आणि विचारत, हे मोठ्या प्रमाणावर कसं नेता येईल. अक्का म्हणत, ‘‘मोठ्या प्रमाणावर न्यायचं नाही, बाळ. आहे तेवढं चालू ठेवायचंय.’’ ती पोरं मान हलवत. वाईट नव्हती. त्यांच्या चौकटीत आम्ही बसत नव्हतो. आणि अक्का गप्प बसल्या की ती आपला फोन बघत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की अक्कांचं शस्त्र जुनं झालंय. समोरच्याला शांतता जाणवलीच नाही, तर ती सोसवेनाशी होणार कशी?

शेवटी एक बिल्डर उरला. देवनहळ्ळीचा. गौडरु म्हणत त्यांना सगळे. विमानतळाच्या बाजूला शेतांचे प्लॉट पाडून पैसा केलेला, पण बोटांत अजून शेतकऱ्याची जाडी. अक्कांनी वसतिगृहाचं सांगितलं, रक्कम सांगितली, हात मांडीवर ठेवले.

गौडरु म्हणाले, ‘‘अक्का, मी जमीन न बघता घेत नाही. पोरं न बघता पैसे कसे देऊ?’’

‘‘या की वसतिगृहात. जेवायलाच या.’’

‘‘वेळ कुठाय? एकीला आणा इकडं. एकच पुरे.’’

अक्का गप्प बसल्या. गौडरुही गप्प बसले. पंखा नव्हता तिथं, एसीचा आवाज होता. मी खाली बघत राहिले. गुराख्यासारखं तासन् तास गप्प बसायची सवय असलेला तो माणूस. त्याला गप्प बसण्याचं काय. खिडकीबाहेर एक विमान उतरलं, मग दुसरं. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, की आधी अक्का बोलल्या.

‘‘सरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणते.’’

त्यांनी मादेवीला निवडलं. नववीतली, उंच, कमी बोलणारी. का तिलाच, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, ती रडणार नाही म्हणून. वॉर्डनबाईंनी तिच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली, गणवेशाला इस्त्री केली. गाडीत मादेवीनं विचारलं, ‘‘मला काय बोलायचंय?’’

‘‘विचारतील ते खरं सांग,’’ अक्का म्हणाल्या. त्या सबंध वाटेत खिडकीबाहेर बघत होत्या.

गौडरुंच्या घरी चांगलं झालं. हेच सांगायला अवघड जातं, की सगळं चांगलं झालं. त्यांच्या बायकोनं मादेवीला पोळीवर तूप घालून घालून वाढलं. काय व्हायचंय विचारलं. ‘‘नर्स.’’ गाणं येतं का विचारलं. मादेवीनं अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी होकाराची मान हलवली नाही आणि नकाराचीही नाही. मादेवीनं त्यांच्या भाषेतलं मधाचं गाणं म्हटलं, मध काढायला झाडावर चढलेल्या माणसासाठी खाली उभं राहून म्हणतात ते. गौडरुंचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते. ‘‘माझी आई दळताना असंच म्हणायची,’’ म्हणाले, आणि पंच्यानं तोंड पुसून म्हणाले, ‘‘आजपासून ही माझी पोरगी. इथल्या चांगल्या शाळेत घालतो. फी, कपडे, पुढचं कॉलेज, सगळं माझं.’’

‘‘आणि वसतिगृह?’’

‘‘ते बघू पुढं.’’

‘‘गौडरे, तिथं अजून मुली आहेत.’’

‘‘असतील अक्का. पण मी हिला बघितलंय.’’

आम्ही परत निघालो. वसतिगृहाच्या फाटकाशी गाडी थांबल्यावर अक्का मादेवीला म्हणाल्या, ‘‘जाशील का त्या शाळेत?’’

मादेवीनं विचारलं, ‘‘मी गेले तर हे राहील?’’

‘‘राहील. त्यांचं मन मोठं आहे. तू नीट शिकलीस की बाकीच्यांनाही देतील.’’

अक्कांच्या तोंडून, स्वतःला न पटलेलं वाक्य मी तेवढं एकच ऐकलं. मादेवीनं थोडा विचार केला आणि हो म्हणाली. ती गेली ती बाकीच्यांसाठी गेली. आम्ही तिला त्या हिशेबानंच पाठवलं.

उन्हाळ्यात वसतिगृह बंद झालं. गौडरुंकडे अक्का पुन्हा गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. ते मादेवीचे गुण सांगत, तिच्यासाठी घेतलेली सायकल दाखवत. बाकीच्यांचा विषय निघाला की म्हणत, यंदा बाजार पडलाय. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी तिकडं होतो. आई-बाप पोरींना न्यायला आले, काही चालत, काही कॉफी मळ्याच्या जीपमधून, कारण मालकानंच सोय केली होती. आता त्या हातांची मळ्याला गरज होती. अक्का फाटकाशी उभ्या राहून एकेकाला हात जोडून सांगत होत्या, की आम्हाला जमलं नाही. मी वाट बघत होते, कुणीतरी भांडेल. एक तरी बाप म्हणेल, मग आणलंत कशाला. कुणी म्हणालं नाही. त्यांनी ट्रंका उचलल्या, ‘बरं अक्का’ म्हणाले. एका म्हातारीनं अक्कांनाच विचारलं, ‘‘तू जेवलीस का?’’ अक्का आत जाऊन भिंतीच्या त्या अंतराळवीरासमोर बसल्या आणि खूप वेळ उठल्या नाहीत. जीप गेल्यावर म्हणाल्या, ‘‘निपाणी, त्यांना राग आला नाही. त्यांना ठाऊकच होतं.’’

मादेवी दसऱ्याच्या सुट्टीला घरी गेली ती शाळेत परतली नाही. शाळेनं गौडरुंना कळवलं, गौडरुंनी आम्हाला, तेही उशिरा आणि जरा दुखावलेल्या आवाजात. तोवर कोडगूत कॉफीची तोडणी सुरू झाली होती. आम्ही विचारत विचारत एका मळ्यावर पोचलो. मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत मादेवी ओट्यावर बसली होती, कमरेला कॉफीच्या डागांचं पोतं गुंडाळलेलं. आम्हाला बघून उठली. चहा केला.

अक्कांनी सगळं विचारलं. मारलं का, कुणी हात लावला का, अभ्यास झेपेना का. मादेवी नाही नाही म्हणत होती. अभ्यासात तर ती वर्गात पुढं होती.

‘‘मग का आलीस गं?’’

मादेवीनं कप खाली ठेवला. ‘‘अक्का, तिथं सगळ्यांना थँक्यू म्हणावं लागतं. जेवले तरी. वही मिळाली तरी. त्यांच्या घरी कोणी आलं की मला बोलावतात, आणि मी गाणं म्हणते. दर वेळी तेच गाणं.’’ मग म्हणाली, ‘‘तुम्ही म्हणाला होता, वसतिगृह राहील. राहिलं नाही. मग मी कशाला थांबू?’’

अक्कांनी तिला परत चल म्हटलं नाही. मला वाटत होतं म्हणतील. मी स्वतः म्हणणार होते, दहावीला थोडेच महिने राहिलेत, कॉलेज म्हणजे काय असतं हे मला विचार, दात-ओठ खाऊन काढ. मी तसंच काढलं होतं. मी तोंड उघडलं तर अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘‘बिडु,’’ म्हणाल्या. सोड.

मडिकेरीच्या बसस्टँडवर त्या म्हणाल्या, ‘‘चेहऱ्याला देतात म्हणून दाखवायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. पोरीचं काय होतं ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं गं. इतकी वर्षं नियम बरोबर होता आणि कारण चुकीचं.’’ मी म्हणाले, तुम्ही काय करणार होता, दुसरा रस्ता होता का? त्यांनी मला समजूत काढू दिली नाही. ‘‘मी खोटं बोलले तिच्याशी. गौडा नाही बोलला.’’

महिनाभरात त्यांनी काम सोडलं. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. मी अधूनमधून बसवनगुडीला जात असे. त्या दार उघडत, कॉफी देत, माझ्या आईची चौकशी करत. संस्थेचं एक अक्षर विचारत नसत. मी काही सांगायला लागले की उठून कुकर लावत. पुढं त्यांना बरं नाहीसं झालं, भाचा येऊन राहिला, आणि एका सकाळी त्याचाच फोन आला.

आज त्यांच्या जागेवर मी आहे. पाटीवर माझं नाव आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला सांगू. निपाणीच्या विडीवालीची मुलगी मोठमोठ्या साहेबांसमोर बसते आणि मागते. पत्रकावर मी अजूनही चेहरा छापत नाही. त्यामुळं काही टिकलं असं मात्र नाही. जवानांचं चालतं, युवकांचं चालतं. वसतिगृहासाठी मी दर वर्षी मागते आणि दर वर्षी नाही ऐकते. शेवटच्या दिवशी घरी गेलेल्या त्या मुलींपैकी कुणीही दहावी झाली नाही. मी शोध घेतला आहे, म्हणून सांगते. कुणाची लग्नं झाली, कुणी मळ्यावर आहे, एक-दोघींचा पत्ता नाही. अक्का होत्या तेव्हा जे होतं ते गेलं, आणि त्या नसत्या तरी गेलंच असतं. म्हणजे त्यांच्या असण्यानं काय झालं, हे मी स्वतःला विचारत राहते.

अक्का गेल्या त्या दिवशी मी मादेवीला फोन केला होता. आता तिच्याकडे फोन आहे, लहान मूल आहे. मागं ते रडत होतं. मी म्हणाले, ‘‘मादेवी, अक्का गेल्या.’’

तिनं मुलाला उचललं असावं, रडणं थांबलं. मग अगदी हळू, पूर्वीच्या त्या शाळकरी मुलीसारखं तिनं विचारलं, ‘‘मला यावं लागेल का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘आता कुठंच यावं लागणार नाही.’’